कलिंगडाची टिचकी

उन्हाळा सरत आला की आमच्या शेतावरच्या दुकानात कलिंगडांचा ढीग लागतो. दुपारी सगळं पेंगतं, तराजूसुद्धा. बाबा तेवढे जागे. कलिंगडाला टिचकी मारायची, कान लावायचा, मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. त्यांच्या कानावर लोकांचा डोळे मिटून विश्वास.

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. आज ओळीने तीन कलिंगडं कच्ची निघाली आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, लक्ष कुठंय तुमचं?" मी ओरडले.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. टिचकी मारून ते कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. आई तिथे बसायची, आणि टिचकी ऐकून कधी मान हलवायची, कधी नाही. मला वाटायचं, डुलक्या काढतेय.

मी स्टुलावर जाऊन बसले आणि कान टवकारले.