समोरून उघडी

हरीशने बूट काढले आणि दुकानाच्या जमिनीवर ठेवलेल्या, पाण्यात बसून मासे धरायच्या हवा भरलेल्या गोल ट्यूबच्या भोकात डावा पाय टाकला. उजवा गुडघा काही वर येईना.

"हात देऊ?" मीनलने विचारलं.

"तळ्यात कोण देणार आहे?"

"तेच तर म्हणतेय मी दहा महिने."

बायपासला दहा महिने झाले होते. डॉक्टरांनी मासेमारीला परवानगी दिली होती, मीनलने दिली नव्हती. हरीश काठावर गळ टाकून बसला की शेजारच्या खुर्चीत ती असे. जिभेखाली मारायचा स्प्रे तिच्या पर्समध्ये. घरी बाथरूमची कडी लावायची त्याला बंदी होती. आता त्याला या ट्यूबमध्ये बसून तळ्याच्या मध्यावर जायचं होतं. घ्यायचीच तर गोल घ्या, असं तिने लेस्टरहून निघतानाच बजावलं होतं. चारही बाजूंनी बंद असलेली बरी.

दुकानदार कीथने भिंतीवरची दुसरी ट्यूब उतरवली. घोड्याच्या नालासारखी, समोरून उघडी.

"यातून पडणार नाहीत?" मीनलने इंग्रजीत विचारलं.

"गोल उलटली तर त्यातून सुटणं अवघड," कीथ म्हणाला. "हिच्यातून नुसतं पुढे सरकायचं."

मीनलने दोन्हींभोवती एक चक्कर मारली. मग वाकून उघड्या ट्यूबची शिवण दाबून पाहिली.

"एक बाजू फुटली तर?"

"पाठीचा फुगा वेगळा आहे. आणि लाइफ जॅकेट घालायचंच."

हरीश उघड्या ट्यूबमध्ये बसला. कीथने दिलेले, पाणी मारायचे बदकाच्या पायांसारखे रबरी फिन्स पायांत चढवून त्याने हवेत दोन लाथा मारल्या.

"अगं, ही उलटी चालते. मागे मागे."

"म्हणजे तोंड काठाकडे?"

"जाताना. येताना पाठ."

"पाठ तर रोजच बघते," मीनल म्हणाली.

हरीश हसला. उठताना त्याला कुणाचा हात लागला नाही. तिने ते पाहिलं.

ट्यूबच्या उजव्या अंगाला गळाचं सामान ठेवायचा खिसा होता. मीनलने त्याची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. मग पर्समधून स्प्रे काढून आत ठेवला आणि चेन ओढली.

"अहो, डोळे मिटा," ती म्हणाली. "आता काढून दाखवा."