जाळीवरची पुट्टी

प्राजक्ताने व्हॅन शेडसमोर आणून उभी केली, तेव्हा शालिकराम मिस्त्री पुट्टीचा डबा ढवळत बसला होता. डबा पडून राहिला की पुट्टीतला जड भाग तळाशी बसतो आणि चिकट तेल वर तरंगतं. तसंच वरचं वर उचलून लावलं तर ती गाडीवर वाळत नाही. चाळीस वर्षं झाली, मिस्त्रीने डबा ढवळल्याशिवाय पुट्टी थापायच्या पट्टीला हात लावला नव्हता.

अमरावतीहून वलगावकडे निघालं की रस्त्याच्या कडेला हे टिनाचं शेड लागतं. तिथे पत्रा ठोकायचं काम शालिकरामचं आणि रंगाचं सुगतचं. प्राजक्ता वलगावची, भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या घरची. आठच दिवसांपूर्वी तिने अकोल्याहून ही जुनी व्हॅन घेतली होती. सोमवारी शाळा उघडणार होत्या. अकरा लेकरांच्या मायबापांनी तिला शब्द दिला होता.

"काकाजी, सरकत्या दाराले खालून पोचा हाय. भरून द्या," ती म्हणाली.

"पोचा भरत नसतात माय, आधी काढतात. पत्रा जाग्यावर आला का मंग जे उरते ते भरतात."

"कोन्ती लावता? दुकानवाला म्हने, फायबरवाली लय मजबूत असते."

मिस्त्रीने दोन डबे पुढे सरकवले. "ह्या डब्यात काचेचे धागे हायेत. खडबडीत जागी धरते, पन घासता घासता हात मोडतात आन वरून साफ येत नाई. तुया दाराले ही साधी बरी. आन एक ध्यानात ठेव. मजबूत पत्रा असते, पुट्टी नसते. रुपयाच्या नाण्याएवढा थर, बस. त्याच्यावर गेली का तडकलीच समज."

"पोरीनं डबा इचारला, तुमी पुरान लावलं," सुगत आतून ओरडला. "पोचा काढता का आरती करता?"

प्राजक्ता हसली. मिस्त्रीही हसला आणि दार सरकवून आत वाकला. पोचा आतून ठोकायचा म्हणून त्याने डावा हात खालच्या तळावर टेकवला आणि हातोडीचं बूड सहज तिथे लागलं. पत्रा लागला की टणकन आवाज येतो. हा आवाज ढब आला.

त्याने पुन्हा ठोकून पाहिलं. पुन्हा ढब.

रबरी चटई वर केली. खाली काळा जाड रंग होता. पेचकसाने खरवडला तर राखाडी भुकटी निघाली, आणि पेचकस तसाच दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग भाकरीएवढा एक खापा उचकटून वर आला. त्याच्या पाठीला डासांची हिरवी जाळी चिकटलेली होती. जाळीच्या किनारीला निळा दोरा होता.

मिस्त्रीने तो दोरा ओळखला. नऊ वर्षांपूर्वी अकोल्यात, भाड्याच्या खोलीच्या खिडकीसाठी त्याच्या बायकोने, पार्बताबाईने, त्या जाळीला किनार घातली होती.

तेव्हा तो एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. तळ खाल्लेल्या चार व्हॅन एकदम आल्या होत्या. सडका पत्रा कापून नवा जोडायचा तर एकेका गाडीला दोन दिवस लागले असते. व्यापारी म्हणाला, "मिस्त्री, भाजीपाला वाहायले चालल्या. तळ कोन पाह्यते?" गाड्यांत तेव्हा सीटसुद्धा नव्हत्या. मिस्त्रीने भोकांवर जाळी ताणली, फायबर पुट्टी थापली, वरून काळा रंग मारला. अर्ध्या दिवसात एक गाडी. चौथ्या गाडीला जाळी कमी पडली तेव्हा घरच्या खिडकीची काढून आणली.

आता त्याच जागी मागच्या सीटचे बोल्ट आवळलेले होते. एक बोल्ट तर निव्वळ पुट्टीत उभा होता. जोरात ब्रेक लागला असता तर बसलेल्या लेकरांसकट सीट पुढे आली असती.

सुगत येऊन वाकून पाहून गेला. "कोन्या हरामखोरानं केलं बे हे!"

प्राजक्ताचा चेहरा उतरला होता. "ज्यानं केलं त्याच्या घरी लेकरं नसतीन का काकाजी?"

"असे लोक असतात," शालिकराम म्हणाला. बोलून गेला आणि मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला. त्याच्या घरी नात होती, खुशी. ती अशाच एका व्हॅनमधून शाळेत जायची.

"गाडी ठेवून जा. चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो आन नवा जोडून देतो. मजुरी नको."

"तुमच्यासारखा मानूस भेटला म्हनून," प्राजक्ता म्हणाली. तिने खाप्याचा फोटो काढला आणि जिल्ह्यातल्या व्हॅनवाल्यांच्या मोबाईलवरच्या गटावर टाकला. मिस्त्री मान वर न करता तळ खरवडत राहिला.

दोन दिवस काम चाललं. गंजलेला पत्रा पार चांगल्या धातूपर्यंत कापून काढला, जाड पत्रा मोजून बसवला, खालून-वरून वेल्डिंग केलं. कामात खोट नव्हती. इथेच सगळं मिटलं असतं. दोऱ्याचं कोणाला माहीत होतं? पण वेल्डिंगचा चष्मा काढला की त्याच्या डोळ्यांपुढे त्या बाकीच्या तीन गाड्या येत. व्यापारी कधीच दुकान आटपून गेला होता. गाड्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेल्या असतील. एकट्या म्हाताऱ्याने त्या शोधायच्या कुठे?

तिसऱ्या दिवशी दुपारी प्राजक्ता गाडी न्यायला आली.

"तुया त्या गटावर एक लिहाचं हाय," मिस्त्री म्हणाला.

"काय लिहू?"

"लिही, का अशा अजून तीन गाड्या हायेत. नऊ वर्षांमांगं अकोल्यात बनल्या. सरकत्या दाराखाली चटई उचलून ठोकून पाहा म्हना."

"तुमाले काय मालूम, तीन हायेत म्हनून?"

शालिकरामने हातातलं फडकं खाली ठेवलं. "ते काम मायं हाय."

सुगतच्या हातातला रंगाचा फवारा थांबला.

"भाजी वाहायले चालल्या म्हनून सांगतलं होतं मले," मिस्त्री म्हणाला.

"भाजी वाहनाऱ्याले जीव नसते का?" प्राजक्ता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माया बाप बारा वर्षं अशाच गाडीत टोपल्यांवर बसून बाजारात गेला. आन परवा तुमी मले म्हनता, असे लोक असतात?"



प्राजक्ताने मोबाईल काढला. सगळं लिहून झाल्यावर तिने विचारलं, "नाव टाकू?"

"टाक. शालिकराम देवमन धोटे. शेडचा पत्ता टाक. जो येईन त्याले फुकट करून देतो म्हना."

"मिस्त्री, उद्यापासून इथं कुत्रं फिरकनार नाई," सुगत म्हणाला. "मायंही पोट हाय ना ह्याच शेडात."

"तुया रंगाले कोन नाव ठेवते? मले ठेवतीन."

प्राजक्ता गाडीत बसली. "हे जोडलेलं मी दुसऱ्या मिस्त्रीले दाखवीन. मंगच लेकरं बसवीन."

"दाखव," तो म्हणाला. "दाखवलंच पायजे."

सोमवारपासून तिची व्हॅन रोज शेडसमोरून जाऊ लागली. गाडीत लेकरांचा गलका असायचा. प्राजक्ता रस्त्याकडे बघून चालवायची. नेहमीची गिऱ्हाइकं कमी झाली. सुगत कामापुरतं बोले. एक जण रस्त्यातच गाडी थांबवून शिवी देऊन गेला. मिस्त्रीने ती ऐकून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात अंजनगाव सुर्जीकडून एक पांढरी व्हॅन आली. उतरलेला माणूस चाळिशीचा, नाव किशोर. राम राम न करताच त्याने विचारलं, "तुमीच का ते?"

"मीच."

"मांगं वावरात निंदनाऱ्या बाया बसवतो मी. आजपर्यंत कोनाले काई झालं नाई. पन ठोकून पाह्यलं तर ढब वाजून राह्यली."

"आता बसवू नको कोनाले. तीन दिवस गाडी इथंच राहीन. तू बसनं जा."

किशोर जागचा हलला नाही. "मी इथंच थांबतो. काय करता ते माया डोयानं पाह्यतो."

"थांब ना बाप्पा. त्या डब्यावर बस."

मिस्त्रीने चटई उचलली आणि खडूने सडक्या पत्र्याभोवती रेघ ओढली. मग थोडं थांबून ती पुसली आणि चार बोटं बाहेरून, चांगल्या पत्र्यावरून, नवी ओढली.

"बाकीच्या दोन सापडल्या का?" किशोरने विचारलं.

"एक चांदूर बाजारात हाय म्हन्तात. उद्या सकायी जातो पाहाले. दुसरीचा पत्ता नाई अजून."

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ग्राइंडर सुरू केला.