तिसरी काच

चर्चमध्ये उभ्या घंटामावशीच्या हातात मनोऱ्यातून बाहेर आणलेला घंटेचा दोर होता. उघड्या दारातून तिला मनोऱ्यातला इंजिनिअर दिसत होता. आतल्या भिंतीच्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी तो भिंग लावून पाहत होता. सहा महिन्यांपूर्वी त्यानेच ती बसवली होती. भिंत हलली तर काच टिचणार, आणि काच टिचली तर मनोरा उतरवायचा, असं सरळ ठरलं होतं.

"शाबूत आहे," तो म्हणाला. फादरांचा जीव भांड्यात पडला. मावशीचा मात्र टांगणीला लागला.

हा मनोरा काही कंत्राटदाराने बांधलेला नव्हता. शंभर वर्षांपूर्वी चर्चमधल्या प्रत्येक घराने आपल्या जोत्याचा एकेक दगड काढून दिला. चर्च उंच झालं, घरं तिरकी झाली, आणि लोकांना त्याचाही तोरा होता. मावशीच्या आजोबांनी घंटा चढवली, वडिलांनी वाजवली, मग तिने. कोणी गेलं की वयाइतके ठोके द्यायचे ही इथली रीत. मध्येच थांबायचं नाही, थांबलं तर माणसाची उरलेली वर्षं खाल्ल्यासारखं होतं.

नवऱ्यासाठी तिने अठ्ठावन्न दिले. एकेचाळिसाव्याला काच टिचली. तिने ऐकलं, आणि उरलेले सतराही दिले. दुसऱ्या दिवशी गुपचूप नवी काच बसवून इंजिनिअरच्या अक्षराच्या वळणाने त्याची तारीखसुद्धा घातली. शहाणीच ती. पुढच्या महिन्यात म्हाताऱ्या शिंपीणबाईंचे नव्वद ठोके झाले आणि तीही काच गेली.

"आता एकदा जोरात वाजवा," इंजिनिअर म्हणाला. "मी भेगेला हात लावून उभा राहतो. फादर, तुम्हीही या."

दोघे बरोबर घंटेखाली जाऊन उभे राहिले.

"ओढा मावशी," फादर हसत म्हणाले. "आता कसली भीती?"

तिने दोर जरासा ताणला. वरून चिमूटभर चुना फादरांच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो सहज झटकला.

मावशीने दोर सोडून दिला. "बाहेर या दोघं. आधी बाहेर या, मग बोलते."

ते आले. 

"ती काच तुमची नाही," ती इंजिनिअरला म्हणाली. "तुमची फुटली. नंतर मी लावलेलीही फुटली. ही तिसरी."

"काहीतरीच काय, मावशी. माझी तारीख आहे तिच्यावर."

"माझ्या घरी चला. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, तो बघा. त्याला काच नाही."