एक माणूस जास्त

लडविकच्या तुरुंगात दुपारी चारचा भोंगा वाजला की जग थांबतं. चौदाशेच्या वर माणसं आपापल्या कोठडीच्या दाराशी ताठ उभी राहतात आणि मोजणी होते. आकडा जुळेपर्यंत बाहेरचं फाटक उघडत नाही. खुद्द गव्हर्नर आत अडकला तर तोही आतच.

ड्वाइट मॅक्लेमोरनं एकोणीस वर्षं, दिवसाला पाच अशा मोजण्या दिल्या होत्या. चौतीस हजारांच्या वर. एकीतही तो कमी पडला नव्हता. त्याच्या नावावर अभिमानानं सांगण्यासारखं एवढंच होतं.

त्या शुक्रवारी तो सुटणार होता. कागदावर तर सकाळीच सुटला होता. दप्तरानं यादीतून त्याचं नाव खोडलं होतं. साडेतीनला त्याला फाटकाजवळच्या खोलीत नेऊन बसवलं. अंगात बहिणीनं पाठवलेला निळा सूट, गळ्यात टाय. बाहेर थोरली बहीण अर्नेस्टीन तल्साहून नऊ तास गाडी हाकत येऊन थांबलेली. एक सही तेवढी राहिली होती. दप्तर पाचला बंद व्हायचं ते सोमवारीच उघडायचं.

चारचा भोंगा वाजला आणि ड्वाइट उठला.

उठला म्हणजे पाय उठले. ड्वाइट त्यांच्याबरोबर गेला. वाटेतल्या प्रत्येक दारावरचा पहारेकरी "चला, चला, मोजणी!" म्हणत दार उघडत होता. आत जाणाऱ्याला तुरुंगात कोणी अडवत नाही.

"काय रे लेका, काय विसरलास?" जुन्या कोठडीच्या दाराशी उभा असलेला सोबती रुफिनो म्हणाला.

ड्वाइटनं तोंड उघडलं, तेवढ्यात टटल शिपाई आला. मोजणीत बोलायचं नसतं. टटलनं सूट पाहिला, टाय पाहिला, हातातलं मोजणीचं यंत्र टिचकन दाबलं आणि पुढे गेला.

आकडा यायला हवा होता चौदाशे बारा. आला चौदाशे तेरा.

पुन्हा मोजणी झाली. पुन्हा तेरा. मग स्वतः कॅप्टन ग्रिग्ज आल्या. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या बाई. नेमक्या ड्वाइटच्या दारासमोर थांबल्या.

"किती कमी?"

"कमी नाही मॅडम. एक जास्त."

"टटल, इथून माणसं पळतात हे मी समजू शकते. घुसलं कोण?"

"भिंत चढून आला असेल, मॅडम."

"कशाला?"

"जेवायला तर नसेल."

मनोऱ्यांवरच्या बंदुका तुरुंग बांधल्यापासून पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला वळल्या. पिठाचा ट्रक फाटकात खोळंबला. आणि ड्वाइटला पहिल्यांदाच ते सगळं एकदम दिसलं. एकावर एक चार मजले, प्रत्येक दारात एक-दोन माणसं, एकाचाही पाय हलत नाही. मोठ्या चर्चमध्ये प्रार्थनेआधी पसरते तसली शांतता. एवढी माणसं, एवढी कुलपं, आणि सगळी एका माणसाचा पत्ता लागेना म्हणून श्वास धरून उभी. एकोणीस वर्षं आपण या एवढ्या मोठ्या गोष्टीत रोज पाच वेळा मोजले जात होतो!

"तिसरी मोजणी फोटोशी चेहरा ताडून," बाई म्हणाल्या. "दोन तास धरा."

घड्याळात चार अडतीस. मोजणीत बोललं तर शिक्षा होती. आणि सुटल्यावर तुरुंगात घुसणं हा बहुधा नवा गुन्हा असणार. त्याची शिक्षा तुरुंगच असणार. गप्प राहिलं तर सोमवारपर्यंत आतच. बाहेर अर्नेस्टीन होती.

"मॅडम," ड्वाइट म्हणाला, "तो जास्तीचा मी आहे."

"मोजणीत बोलू नकोस, मॅक्लेमोर!" टटल ओरडला.

"टटल," बाई सावकाश म्हणाल्या, "याच्या गळ्यात टाय का, हा प्रश्न तुला दोन्ही वेळा पडला नाही?"

"मी डोकी मोजतो, मॅडम. टाय खाली होता."

बाई ड्वाइटकडे वळल्या. "तू इथे काय करतोयस?"

"भोंगा वाजला, मॅडम."

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "सुट्टीच्या दिवशी चार वाजले की मी घरातली माणसं मोजते. तिघं आहेत. दर वेळी जुळतात." मग त्यांनी वायरलेस उचलला. "बाहेरचं फाटक उघडा."

"आकडा जुळला नाहीये, मॅडम," टटल म्हणाला. "हा बाहेर गेल्याशिवाय जुळणार नाही, आणि जुळल्याशिवाय फाटक..."

"नियम माणूस कमी पडला तर काय करायचं त्याचा आहे. जास्त झाला तर काय करायचं, हे लिहायला कोणाला सुचलेलंच नाही. उघडा."

बाई आणि ड्वाइट निघाले. बोलायची मनाई होती, म्हणून कोणी बोललं नाही. चौदाशे बारा माणसं ताठ उभी होती, आणि राष्ट्राध्यक्षानं मानवंदना घ्यावी तसा निळा सूट त्यांच्यामधून चालत गेला. ड्वाइटला मागे वळून बघवेना.

सही झाली तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं होती.

"सव्वाचार म्हणाले होते!" अर्नेस्टीन गाडीतून उतरत ओरडली. "होतास कुठे?"

"आत."

"एकोणीस वर्षं पुरली नाहीत होय रे?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे कर्णा खरखरला. "मोजणी जुळली. चौदाशे बारा." ड्वाइट गाडीशीच उभा राहिला. पाय आता त्याचेच होते.

"काय म्हणतायत ते?" अर्नेस्टीननं विचारलं.

"मी नाहीये," ड्वाइट म्हणाला. "मी नाहीये, आणि सगळं बरोबर आहे म्हणतायत."