यादीतून खोडलेला फिरकीचा तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, गोल पोटाचा, झाकणावर कडी असलेला. नुसत्या तांब्यात आणि माझ्यात फरक आहे, तो आधीच सांगून टाकतो. नुसता तांब्या घरात पाणी पाजतो, मी प्रवासाचा आहे. झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला आडवा करा, उलटा करा, थेंब सांडणार नाही. आणि हेही सांगतो, की माझा स्वभाव काही चांगला नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. आहे ते आहे.

अंबाजोगाईच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि परळीच्या एका शाळामास्तरांनी लेकीच्या लग्नात आंदण द्यायला विकत घेतलं. लेकीचं नाव गंगासागर. मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण भूगोल शिकवून शिकवून तो त्यांना पाठ झाला होता. लेकीला तो दाखवायचं त्यांच्या मनात होतं, ते राहूनच गेलं. सासरी निघताना मला तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "बाई, हा प्रवासाचा तांब्या हाय. फळीवर ठिवायला दिला न्हाई. ह्याला घेऊन एकदा समुद्र बघून ये."

आम्ही घाटनांदूरला आलो. पुढे किराणा दुकान, मागे घर आणि परसात आड. गावातल्या निम्म्या आडांचं पाणी मचूळ, आमचं तेवढं गोड. दुकानाचे मालक गुंडप्पा, म्हणजे गंगासागरचे यजमान, यांना जगात सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर त्या आडाचा. सकाळी अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि पूजेला पाणी लागायचं ते याच आडाचं. परगावी गेले तरी तेच लागायचं. ते माझ्या पोटातून जायचं.

पण परगाव म्हणजे तरी काय? परळी, आणि वर्षातून एकदा मांजरसुंब्याजवळची कपिलधारची जत्रा. वीस वर्षांत मी त्यापुढे गेलो नाही. एस.टी.त गंगासागर मला मांडीवर घेऊन बसायची आणि खिडकीबाहेर बघत हळूच म्हणायची, "एक डाव समुद्र बघायचाय रे आपल्याला." 'मला' नाही म्हणायची, 'आपल्याला' म्हणायची. त्या एका शब्दावर मी वीस वर्षं काढली.

मग शहाण्णव साल उजाडलं. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या, थंड पेयाच्या बाटल्या आल्या, टेलिफोन आला, आणि घरात केबल. त्या केबलवर एका संध्याकाळी समुद्र दिसला. मोठा मुलगा केदारनाथ अंबाजोगाईला कॉलेजात होता. पुढच्याच रविवारी तो कोकणाचा नकाशा घेऊन आला.

"अप्पा, मे महिन्यात सात दिवस कोकणात जाऊ. समुद्राच्या कडंकडंनं. लॉज न्हाई का काई न्हाई. ताडपत्रीचा तंबू, स्टोव्ह, उघड्यावर झोपायचं."

"उघड्यावर झोपायला कोकनात कशाला जायचं? आपल्या गच्चीवर झोप की," गुंडप्पा म्हणाले.

पण हरिहरेश्वर आणि वेळणेश्वर ही दोन्ही महादेवाची ठाणी वाटेवर आहेत असं केदारनाथने नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा गुंडप्पांचं बोटही नकाशावर फिरू लागलं. मी भिंतीतल्या देवळीतून बघत होतो. गंगासागर चहा घेऊन आली, तिने नकाशावरच्या निळ्या रंगाला पदराच्या टोकाने पुसून पाहिलं, आणि वळून माझ्याकडे बघून हसली. त्या क्षणी माझ्याइतकं सुखी भांडं बीड जिल्ह्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी यादी सुरू झाली. धाकटी रुचिका कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं. ताडपत्री, दोर, स्टोव्ह, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चादरी, टॉर्च. अकराव्या नंबरला गंगासागर म्हणाली, "फिरकीचा तांब्या लिही." रुचिकाने लिहिलं. मी धन्य झालो.

हे सुख चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी केदारनाथ लातूरहून निळा प्लास्टिकचा जग घेऊन आला. पांढरी तोटी, वर धरायला दांडी, आणि पोटावर चिकटवलेला कागद : 'बारा तास पाणी गार.' अख्खं घर त्याच्याभोवती गोळा झालं. रुचिकाने तोटी दाबून दाबून अर्धं पाणी ओट्यावर सांडलं, पण कुणी रागावलं नाही. माझ्यातून एक थेंब सांडला असता तर? गुंडप्पांनीही एक पेला पिऊन मान डोलावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, बारा तास गार! वीस वर्षांत मी एकदा तरी गळलो का, ते विचारा की! ना वजन, ना नाद. टिचकी मारली तर साधा आवाज निघत नाही त्याच्यातून. मी मनातल्या मनात त्याची तोटी मोडली, त्याला चिरा पाडल्या, त्याला चुलीजवळ नेऊन ठेवलं. खोटं कशाला सांगू, रोज नवी युक्ती सुचायची.

"आता ह्यो जग हाय तर तांब्या कशाला?" केदारनाथ म्हणाला, आणि रुचिकाने अकराव्या नंबरवर काट मारली. गंगासागर रिकामे पेले उचलून आत गेली. ती घरातल्या कुठल्याच गोष्टीसाठी भांडत नसे, माझ्यासाठी कशी भांडणार?

खरा घोटाळा पुढेच होता. निघायला आठवडा राहिला आणि गुंडप्पांनी विचारलं, "आन पानी?"

"हाय की जग."

"जग एका दिसाचा. सात दिसाचं कसं? रुचे, समुद्राचं पानी कसं अस्तं?"

"खारं," रुचिका म्हणाली. भूगोलात तसंच होतं.

"मंग! समुद्राच्या कडंला आड घेतला तर त्यात पानी कुठून येनार? समुद्रातूनच ना? सगळं खारं. प्यायला न्हाई, सैपाकाला न्हाई. आन लिंगपूजेला खारं पानी घालू व्हय मी?"

ज्याची जीप भाड्याने ठरली होती तो धुळाजी तिथेच पायरीवर बसला होता. त्याने समुद्र पाहिला नव्हता, केदारनाथने पाहिला नव्हता, कुणीच पाहिला नव्हता. आमच्याकडे पाण्याच्या बाबतीत कुणी धोका पत्करत नाही. आम्ही तर शेजारच्या गावाला लग्नाला जातानाही पाणी भरून नेतो. सगळ्यांना गुंडप्पांचं म्हणणं पटलं. मला सुद्धा.

धुळाजी धरून पाच माणसं, सात दिवस. पिणं, स्वयंपाक, पूजा, तोंड धुणं. हिशेब करून आठ मोठे डबे ठरले. दुकानात गोडेतेलाचे रिकामे डबे होतेच. सोड्याने धुतले, उन्हात वाळवले, आणि निघायच्या आदल्या दिवशी आडाच्या पाण्याने काठोकाठ भरले. जीपच्या मागच्या भागात सहा बसले. दोन उरले.

"टपावर टाकू," केदारनाथ म्हणाला.

"न्हाई बे, एवढं वजन टपावर? घाटात गाडी लवंडंल," धुळाजी म्हणाला. "मधल्या सीटवर ठिवा. पर मंग एक मानूस कमी होतंय."

कुणी कुणाकडे बघेना. स्टोव्ह टपावर गेला होता, ताडपत्री गेली होती, जग खिडकीशी ऐटीत बसला होता. डबा कमी करू असं म्हणायला कुणाची जीभ उचलेना. पाणी कसं कमी करणार?

"मी ऱ्हाते," गंगासागर म्हणाली. "दुकानाकडं बी कुनीतरी पायजेच की."

"तसं कसं," गुंडप्पा म्हणाले. पण ते एकदाच म्हणाले. आपल्याकडे अशा वेळी तीनदा म्हणायची रीत आहे.

आता माझं पाप सांगतो. तिने 'मी ऱ्हाते' म्हटलं तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? आनंद झाला. बरं झालं, मी एकटाच मागे नाही राहिलो, असं वाटलं. जिने मला वीस वर्षं मांडीवर घेतलं, तिचा समुद्र बुडताना मी खूश झालो. ती आत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि पदराने माझं पोट पुसू लागली. पुसलेल्या जागी तिचा चेहरा दिसला, आणि मग मात्र मला माझीच लाज वाटली. मत्सर वाईट हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. किती वाईट ते मला त्या दुपारी कळलं.

पहाटे जीप गेली. तिने दशम्या बांधून दिल्या, हात हलवला आणि दुकान उघडलं.

तिसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. दुकान आणि घर यांच्यामधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. केदारनाथचा आवाज तर रिसीव्हरच्या बाहेर येत होता.

"आई, हितलं पानी लई गोड हाय गं! समुद्र हितं, आन शंभर पावलांवर नारळाच्या बागंत हीर हाय. आपल्या आडापरीस गोड!"

"आन आपलं पानी?"

"डब्यांना तेलाचा वास मारतोय. अप्पांनी पूजेला घेतलं तर वर तेलाचा तवंग. काल सगळे डबे वतून दिले. आता अप्पा हिरीच्याच पान्यानं पूजा करत्यात."

समोर एक गिऱ्हाईक चहापत्तीसाठी उभं होतं.

"मंग दोन डब्याची ती जागा?"

केदारनाथ म्हणाला, "रिकामे डबे टपावर बांधलेत. जागा रिकामीच हाय, आई."

तिने फोन ठेवला. चहापत्ती दिली. मग आत येऊन आडावर गेली, एक घागर ओढली आणि ती तशीच आडाच्या काठावर ठेवून बसून राहिली. रडली नाही. मला वाटतं, तिला राग आला होता, आणि राग ठेवायचा कुठे हे माहीत नव्हतं. पुढचे चार दिवस जीप त्या समुद्राच्या कडेने एक जागा रिकामी घेऊन फिरत होती, आणि ती जागा जिची होती ती इथे साबणाच्या वड्या विकत होती.

आठव्या दिवशी सगळे काळे होऊन परतले. निळ्या जगाला माझ्या शेजारी आणून ठेवलं. मी दातओठ खात गप्प बसलो होतो, पण शेवटी राहवेना.

"काय, कसा होता समुद्र?"

"मला कुठे उतरवलं?" जग रडक्या आवाजात म्हणाला. "ते विहिरीचं पाणी पीत होते, शहाळी पीत होते. मी सात दिवस गाडीतच. एकदा काचेतून निळं काहीतरी दिसलं. मला वाटलं, माझ्यासारखाच कुणी मोठा जग असेल."

ज्याच्यावर मी महिनाभर जळत होतो, तो हा! हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी रुचिकाने आईच्या हातात एक शंख ठेवला. "कानाला लाव. समुद्र ऐकू येतोय बघ."

गंगासागरने शंख कानाला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने मला देवळीतून खाली घेतलं, फिरकी उघडली आणि माझं रिकामं तोंड कानाशी धरलं.

"अगं, हेच तर वाजतंय आपल्या तांब्यात!"

रुचिका हसली. तिनेही ऐकलं आणि मग हसायची थांबली. गुंडप्पा दारात उभे होते. त्यांच्या हातात पूजेसाठी आणलेली तिकडच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

"चुकलंच ते," ते म्हणाले. "पुढल्या साली तुला..."

"पुढल्या साली यादी मी लिहिनार," गंगासागर म्हणाली. वीस वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

त्याला आता वर्ष होत आलं. जगाची तोटी गळते, त्यामुळे तो ओट्यावर पडून असतो. मी मोडली नाही ती, देवाशपथ. तरी गळताना बघून थोडं बरं वाटतं. स्वभावाला औषध नाही.

काल तिने कॅलेंडरचं पान फाडलं, उलटं केलं आणि दुकानातला पेन घेऊन बसली. केदारनाथ डोकावून बघायला लागला तर त्याला म्हणाली, "मागं सर." तिचं अक्षर रुचिकासारखं वळणदार नाही, पण मला देवळीतून नीट वाचता आलं. पहिल्या नंबरला लिहिलं होतं, 'मी'. दुसऱ्या नंबरला, 'फिरकीचा तांब्या, रिकामा.' पाणी कुठेच नव्हतं. ते तिथे भरून घेणार आहे म्हणे.

तुम्हीही कुठे निघालात तर एवढंच ऐका, यादी माणसांपासून सुरू करा. आणि घरातलं कुणी 'मी राहते' म्हणालं, तर 'तसं कसं' एकदा म्हणून थांबू नका. तीनदा म्हणा, हाताला धरा, गाडीत बसवा.

निघायला अजून अकरा दिवस आहेत. तेवढ्यात कुणीतरी मला चिंचेने घासून ठेवा. पहिल्यांदाच समुद्रासमोर जायचंय, काळवंडलेल्या तोंडाने कसं जाऊ?