पानाईचं माहेर

माधवनगरच्या बंद गिरणीच्या गोदामात आम्ही चार निवृत्त माणसांनी रेल्वेचं संग्रहालय मांडलं. पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला. बोलण्यापेक्षा लिहिणं बरं. छोट्या गाडीचे रूळ, गार्डचा कंदील, फायरमनचं फावडं, इंजिनातल्या कोळशाचा ढीग, सगळ्यांना पाट्या लागल्या. मधली काचेची पेटी तेवढी रिकामी होती.

"ढालगावकडं तानुबाई म्हणून धनगराची म्हातारी आहे. तिच्याकडं कोळशातलं पान आहे," आमचा प्रमुख वीरधवल म्हणाला. "उद्घाटनाआधी घेऊन या." मला मागता येत नाही, हे सांगायलाही जमलं नाही. गेलो.

तानुबाईनं देव्हाऱ्यातून तळहाताएवढा काळा दगड काढला. भंडाऱ्यानं पिवळा झालेला. तिनं पदरानं पुसला आणि मला दारातल्या उजेडात नेलं.

पान होतं. लांबट, मधे देठाची रेघ, दोन्हीकडे बारीक शिरा. कालच गळून पडल्यासारखं. पुस्तकात चित्रं पाहिली होती. हातात मात्र पहिल्यांदाच घेत होतो.

"फायरमननं जळंना म्हणून फेकला," ती म्हणाली. "माज्या बानं, धुळा धनगरानं, रुळाकडंला उचलला. तवापासनं आमची पानाई. लय जुनी हाय का वो गुरुजी?"

"पंचवीस कोटी वर्षं," मी म्हणालो आणि लगेच घाबरलो. "म्हणजे, पुस्तकात तसं आहे. चुकतही असेल."

"असंल की. देव हाय."

तिनं चहा दिला. मी कप नुसता फिरवत बसलो. चहा निवला.

"आवं, कशाला आलाय ते तरी सांगा!"

"पेटी रिकामी आहे. काचेची."

"तितं रोज भंडारा कोण लावणार?"

"कुणीच नाही. पेटीला कुलूप असतं."

म्हातारी खदखदून हसली. "खोटं तरी बोलायचं, गुरुजी! ऱ्हायाला न्हाई देणार. पर इंजनाकडनं आल्याली लेक हाय. एक दीस माह्यारी आणीन."

उद्घाटनाला ती एसटीनं आली. डोक्यावर घोंगडीत पानाई. पेटीकडं तिनं पाहिलंच नाही. सरळ कोळशाच्या ढिगाकडं गेली, पान वर ठेवलं, भंडारा उधळला.

"ही समदी तिची भावंडं," ती म्हणाली. "किती जळाली आसतील वो? हीच तेवढी ऱ्हायली."

ढालगाव-कवठ्याच्या त्या माळावर झाड दिसायची मारामार, आणि तिथून मिरजेपर्यंत धावलेली प्रत्येक गाडी एक जंगल जाळत गेली होती. आठ वर्षं मी त्याच गाडीनं कामाला जात होतो. खिडकीतून धूर दिसला की पुस्तक मिटायचो, एवढंच.

"आता विचारा," वीरधवल किल्ली पुढं करत कुजबुजला. "परत कधी येणार नाही ती."

तानुबाई घोंगडी गुंडाळायला लागली होती. किल्ली मी घेतली नाही. ढिगातले पाच खडे उचलले आणि तिच्यासमोर उभा राहिलो. योग्य की अयोग्य, कळत नव्हतं.

"लेक माहेराहून रिकामी कशी जाईल?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पदर पसरला. "बापयानं वटी भरल्याली पैल्यांदाच बघितली, गड्या," ती म्हणाली, आणि डोळे पुसताना तिच्या गालावर भंडारा लागला.

पेटी अजून रिकामी आहे. तिची पाटी मी एकदाच लिहिली, खाडाखोड न करता: 'पानाई. वय अंदाजे पंचवीस कोटी वर्षे. सध्या सासरी, ढालगाव.'