सासूबाईंनी मागणं सोडलं

सासूबाई रोज दुपारी चार वाजता देवाशी भांडायला बसत. भांडण हा सुनेचा शब्द, सासूबाई त्याला प्रार्थना म्हणत. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी लाकडी खुर्ची होती. तिच्यावर पाय वर घेऊन, डोळे मिटून त्या चांगल्या खणखणीत आवाजात चाळीस मिनिटं बोलत. त्यातली ठरलेली वचनं पाच मिनिटांची, बाकी सगळं घरगुती. गुडघे दुखतायत, वरच्या मजल्यावरचे लोक फर्निचर ओढतात, मागच्या आठवड्यात तुला सांगितलं होतं त्याचं काय झालं? अशी सगळी तक्रार उरकली की मग लेकाचं नाव यायचं. तिथे आवाज खाली उतरायचा.

सून चष्म्याच्या काचा घासून द्यायच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. तिचे वडील पक्के नास्तिक. 'देव असेल तर त्याने पत्ता कळवावा, मी भेटून येईन,' असं म्हणायचे, आणि मुलगी त्यांच्या वरताण. लग्न होऊन आली तेव्हा ती नवऱ्याला डोळा मारून विचारायची, "लागला का रे तुझ्या आईचा फोन?" तो हसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "आईचा फोन लागतो म्हणून तर माझ्या लिफ्टा वर जातात," म्हणायचा.

मग एका सकाळी तो लिफ्टच्या बोगद्यात तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. हाडं जुळली, डोकं जुळेना. नऊ आठवडे झाले, तो आयसीयूत होता. श्वास मशीन घेत होतं.

तेव्हापासून सुनेने एक गोष्ट केली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. तिने दुपारची शिफ्ट बदलून सकाळची घेतली, चारच्या आत घरी पोचायचं म्हणून. आतल्या खोलीत वाळलेले कपडे घेऊन बसायची, एकच टॉवेल चार वेळा घडी करायची आणि भिंतीपलीकडून येणारं ते बोलणं ऐकायची. विश्वास म्हणाल तर तिचा तसूभर नव्हता. पण आपल्याला भाषा येत नाही अशा कचेरीत आपल्या वतीने कुणीतरी रोज जाऊन साहेबाचं डोकं खातंय, एवढा आधार तिला त्या आवाजाचा होता. त्या आधारावर ती जेवत होती, झोपत होती, काचा घासत होती.

मंगळवारी बातमी आली. वर्कशॉपमधला टीव्ही एरवी मुका चालायचा. त्या दिवशी मालकाने आवाज मोठा केला. फार लांबच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, त्याच्या अंधाऱ्या बाजूवर दिवे दिसले होते. आग नव्हे, वीज चमकलेली नव्हे. रांगेने लावलेले, संध्याकाळ सरकेल तसतसे पेटत जाणारे दिवे. तीन वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींनी तेच पाहिलं होतं. शंका उरली नव्हती.

"त्यांना डोळे किती असतील?" फ्रेम बसवणारा म्हणाला. "पाच-सहा असले तर आपली चांदी आहे राव."

सगळे हसले. तीही हसली. घरी आली तेव्हा चार वाजून गेले होते, आणि खुर्ची रिकामी होती. सासूबाई टेबलापाशी भाजी निवडत बसल्या होत्या.

"आई, आज बसला नाहीत?"

"नाही."

बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी तिने टॉवेल बाजूला टाकला आणि समोर जाऊन उभी राहिली. "बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांकडे जाऊ या?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "बस जरा. तुला कसं सांगू? मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला आपणच आहोत. आपण म्हणजे सगळी माणसं. एकुलतं एक पोर असतं ना, तसं. एकुलत्या पोराने किती हट्ट केला तरी चालतं. मी केला. गुडघ्यांसाठीसुद्धा केला."

"मग आता काय बदललं?"

"दिवे बघितलेस ना? दिवे आहेत म्हणजे घरं आहेत. घरं आहेत म्हणजे कुणाची तरी आई खिडकीत बसलेली आहे. आणि शास्त्रज्ञ म्हणतात, हे एक सापडलं, अशी लाखो असतील." त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "एवढ्या सगळ्यांच्या हाका येत असताना मी कुठल्या तोंडाने ओरडू, की आधी माझ्याकडे बघ? मला तोंड उघडायलाच होत नाही गं. लाज वाटते."

सासूबाईंचा विश्वास उडाला असता तर एक वेळ वाद घालता आला असता. इथे देव जागच्या जागी होता, उलट वाढला होता, आणि तेवढ्यानेच तो हाताबाहेर गेला होता.

त्याच संध्याकाळी सहाच्या भेटीच्या वेळेला डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. सोमवारी मशीन थोडं थोडं कमी करून बघणार होत्या. स्वतःहून श्वास घेतला तर पुढचा रस्ता मोकळा. नाही घेतला तर? "तर परत लावू. पण छातीत जंतुसंसर्ग आहे, त्यामुळे फार आशा धरू नका."

सुनेने बोटांवर दिवस मोजले. सोमवार! आणि देवाकडचा आपला वकील घरी रुसून बसलेला.

शनिवारी सकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायांनी प्रार्थनाघरात गेली. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक जिन्यावर बसले होते, दोघी बायका रडत होत्या, एक माणूस बंद दाराला कपाळ टेकून उभा होता. आत प्रवचनकार, साठीचा किरकोळ माणूस, घसा बसेपर्यंत बोलून बोलून खुर्चीत कलंडला होता.

"तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखता," ती म्हणाली. "त्यांना सांगा, की मागितलेलं चालतं."

"बाई, सकाळपासून दोनशे जणांनी मला हेच विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

"देव मोठा आहे, असं मी तीस वर्षं सांगत आलो," तो म्हणाला. "मोठा म्हणजे लांब का, असं कुणी विचारलं नव्हतं. आता सगळे विचारतात. मला वरिष्ठांकडून उत्तरांचं चार पानी पत्रक आलंय. मी वाचून दाखवतो. मला स्वतःला ते पटत नाही."

"नसेल पटत तर राहू द्या. फक्त या. पाया पडते तुमच्या." आणि ती खरंच वाकली. वडील बघत असते तर काय म्हणाले असते, हे तिच्या मनातही आलं नाही.

तो दुपारी आला. सासूबाईंनी चहा केला. त्याने पत्रकातली दोन वाक्यं म्हटली, तिसऱ्याला त्याला रडू फुटलं. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "घशाला गरम पाणी घेत जा," म्हणाल्या, दाराशी जाऊन तो जिना उतरेपर्यंत बघत राहिल्या. समजूत घालायला आलेला माणूस समजूत घालून घेऊन गेला.

रविवारी सुनेने शेवटचा डाव टाकला. "आई, पेपरात आलंय बघा. तो उजेड आपल्यापर्यंत यायला दोनशे वर्षं लागली. म्हणजे दिवे दोनशे वर्षांपूर्वीचे. ती माणसं कधीच गेली! आता तिथे कुणाची हाक नाही नि काही नाही. बसा तुम्ही."

सासूबाई म्हणाल्या, "गेली ना सगळी? मग त्यांचं तेव्हा कुणी ऐकलं का, एवढं सांग."

सोमवारी अकरा वाजता मशीन कमी केलं. काचेपलीकडून दोघी बघत होत्या. त्याची छाती एकदा वर आली, दोनदा आली, मग मानेच्या शिरा ताणल्या आणि ओठ काळवंडायला लागले. सतराव्या मिनिटाला सिस्टरने परत सगळं जोडलं.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात, औषधांच्या ट्रॉल्या जात-येत होत्या तिथे, सुनेचा तोल सुटला.

"तुम्ही थांबलात म्हणून! एक आठवडा, फक्त एक आठवडा तुम्हाला बसायचं होतं! लाज वाटते म्हणे. पोटच्या पोराचा जीव जातोय आणि तुम्हाला कुठल्या ताऱ्यावरच्या बायकांची लाज!"

एक ट्रॉलीवाला थबकला आणि मान खाली घालून पुढे गेला. सासूबाई भिंतीला टेकल्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"तो पडला, त्याच्या आदल्या दिवशी मी चाळीस मिनिटं बसले होते. त्याच्याही आदल्या दिवशी. चाळीस वर्षं एक दिवस चुकवला नाही. तेव्हा का पडला मग?"

हा प्रश्न सुनेला नऊ आठवड्यांपूर्वीच पडला होता. तिने तो मुद्दाम विचारला नव्हता.

त्यानंतर दोघी घरात बोलेनाशा झाल्या. एकीने चहा ठेवला की दुसरी मुकाट्याने कप काढायची, बस्स.

मंगळवारी सकाळी सून कामावर गेली. काचेची कडा घासायचं मशीन सुरू झालं की मोठी घरघर होते, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिने काच चाकाला लावली. पाण्याची बारीक धार काचेवर पडत होती. आणि तिच्या तोंडून ती वचनं बाहेर पडायला लागली. नऊ आठवडे भिंतीआडून ऐकलेली, आठव्या ओळीला सासूबाई खोकायच्या तिथल्या खोकण्यासकट पाठ झालेली. ती संपल्यावर पुढे काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. "हा माझा नवरा आहे," ती म्हणाली. "तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. तुम्ही आहात असं मला वाटतही नाही. पण त्याला श्वास घेऊ द्या."

काच जास्त घासली गेली, फुकट गेली. तिने दुसरी घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"गाणं म्हणतेस काय गं?" फ्रेम बसवणाऱ्याने कानाशी येऊन विचारलं. तिने मान हलवली, हो म्हणून.

अकरा दिवस तिने हे केलं. आधी मशीनवर, मग जिन्यात, मग आंघोळीच्या पाण्याच्या आवाजात. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी परत मशीन कमी केलं. सतरा मिनिटं गेली. तास गेला. संध्याकाळ झाली आणि तो आपला आपण श्वास घेत होता, घरी झोपेत घ्यायचा तसा, किंचित घोरत.

"संसर्ग आटोक्यात आला, म्हणून जमलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण खोटी आशा देत नाही. डोक्याला मार मोठा आहे. तो जागा होईल असं मी म्हणू शकत नाही. कदाचित असाच राहील."

सुनेला डॉक्टरांचं पटलं. औषधानेच जमलं, हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. तरी दुसऱ्या दिवशी चाकाला काच लावताना तिने ठरवलं, आज गप्प राहून बघू या, आणि अर्धी कडा घासून व्हायच्या आत तिला मशीन बंद करावं लागलं. गप्प राहिले आणि तिकडे त्याचा श्वास थांबला तर? विश्वास नसलेल्या माणसाला सुट्टीही नसते, हे तिला तेव्हा कळलं. सासूबाईंचा देव ओळखीचा होता. एखादा दिवस चुकला तर त्याने चालवून घेतलं असतं. हिचा कुणी ओळखीचा नव्हता. ती दिवसातून वीस-वीस वेळा म्हणायला लागली. जेवताना घास तोंडात असला तरी ओठ हलायचे. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

नवऱ्याला साध्या वॉर्डात हलवलं. दारापासून चौथी खाट. एका संध्याकाळी सासूबाई ओल्या फडक्याने त्याचा हात पुसत होत्या आणि सून पायथ्याशी बसून पुटपुटत होती. आता तिला लपवायचंही भान राहिलं नव्हतं.

"आठव्या ओळीला तू खोकतेस," सासूबाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या.

"तुमच्याकडूनच शिकले."

"कधीपासून चाललंय?"

"तो पहिल्यांदा श्वास घेऊ शकला नाही ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आई, मला थांबता येत नाहीये." तिचे डोळे भरून आले. "माझा विश्वास नाही हो. एवढासुद्धा नाही. पण थांबले तर त्याला काही होईल असं वाटतं. झोपसुद्धा येत नाही. तुम्ही घ्या ना परत. तुम्हाला येतं ते. मला सोडवा यातून."

सासूबाईंनी फडकं वाटीत बुचकळलं, पिळलं. "मला आता नाही जमायचं, पोरी. मी रोज बसून बघते. तोंड उघडलं की ते दिवे दिसतात." मग भीत भीत विचारावं तसं त्या म्हणाल्या, "तू म्हणतेच आहेस, तर त्यांचंही नाव घेशील का? तिकडच्यांचं. त्यांच्यातही कुणी कुठून पडत असेल. नाव माहीत नाही, पण नुसतं 'तिकडचे' म्हटलंस तरी–"

"नाही!"

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. सिस्टरने मान वर केली.

"नाही घेणार," सून दातओठ खात म्हणाली. "कुणाचंही घेणार नाही. ते मरोत, त्यांचे दिवे विझोत. आधी हा. हा उठू दे, मग बघू जगाचं."

सासूबाई खाटेला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि लेकाचा दुसरा हात हातात घेऊन बोटांच्या बेचकीत फडकं फिरवायला लागल्या. तो घोरत होता. सुनेने डोळे मिटले. आपण कुठल्या ओळीला थांबलो होतो ते तिला काही केल्या आठवेना. अर्धवट सोडलेलं चालतं की नाही, हे विचारायलाही आता कुणी नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.